पाय लागलेली मान

सुहासिनी वैशंपायनला शिंक आली की ती आधी दोन्ही हातांनी जबडा धरते आणि मग शिंकते. कोथरूडच्या त्या जुन्या, लिफ्ट नसलेल्या बिल्डिंगमध्ये तिच्या ह्या शिंकेची हुबेहूब नक्कल करणारी माणसं आहेत, आणि ती कोण आहेत हे तिला नावानिशी माहीत आहे. शेजारी म्हणतात की बाईला विनोदाचं वावडं आहे. विनोदाचं मुळीच नाही. वावडं आहे ते शेजाऱ्यांचं.

तिच्या मानेतला पहिला मणका दुसऱ्यावर घट्ट बसत नाही, सरकतो. डॉक्टरांनी एक्स-रेची फिल्म दिव्यासमोर धरून दाखवलं होतं. मान खाली घातली की दोन हाडांत फट वाढते, आणि त्या फटीच्या मागेच मज्जारज्जू असतो. "धक्का बसू द्यायचा नाही," असं ते म्हणाले. पुण्यात राहून धक्का न बसू देणं जणू माणसाच्या मर्जीतलंच आहे! तेव्हापासून सुहासिनी गुळण्या करत नाही, कारण त्यासाठी मान मागे टाकावी लागते. चहाचा शेवटचा घोट कपातच सोडते. कोणी मागून हाक मारली तर अख्खी वळते, जड कपाट वळवावं तशी. रिक्षात बसल्यावर तिचं पहिलं वाक्य असतं, "खड्डा आला की थांबून, हळू घ्या." एकदा एक रिक्षावाला आरशात बघून म्हणाला होता, "मॅडम, मग निघायलाच नको." त्याच्यावर मात्र ती मनापासून हसली होती, जबडा धरून.

पुढच्या खोलीत ती दहावीच्या गणिताचे क्लास घेते. फळा भिंतीवर इतका खाली ठोकलाय की नवा आलेला पालक आधी त्याच्याकडेच बघतो. खुर्चीत बसल्यावर तिच्या डोळ्यांसमोर जी उंची येते तीच फळ्याची उंची. मुलं सतरंजीवर बसतात. "मॅडम, फळा वर घ्या ना," असं एका पालकाने सुचवलं तेव्हा ती म्हणाली, "घेते की. मग शिकवायला तुम्ही या." क्लासला मुलं तरीही येतात, कारण ती शिकवते चांगलं. तिच्या स्वभावासाठी कोणी येत असेल असं वाटत नाही.

आता ही मान अशी कशी झाली, त्याच्या बिल्डिंगमध्ये दोन गोष्टी सांगितल्या जातात. एक सुहासिनीची आणि दुसरी श्रीनिवास निमकरांची. भांडण आहे ते ह्या दोन गोष्टींमधलं.

निमकरकाका तिसऱ्या मजल्यावर राहतात. सरकारी कचेरीतून कधीचे निवृत्त झालेत, सोसायटीचे अध्यक्ष मात्र अजून आहेत आणि जातील तेव्हा फोटोत जातील. ते पायाळू. आईच्या पोटातून आधी पाय बाहेर आले, डोकं मागून. अशा माणसाने पाय लावला की उसण जाते, लचक निघते, धरलेली कंबर सुटते, असा आपल्याकडे समज आहे आणि काकांनी त्या समजाचं पुरतं सोनं केलंय. रविवारी सकाळी चहाच्या आधी त्यांच्याकडे माणसं येतात. माणसाने चटईवर पालथं पडायचं. आनंदीकाकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, तांब्याने काकांच्या उजव्या पायावर पाणी ओतायचं आणि पंच्याने पुसायचं. मग काकांनी टाच दुखऱ्या जागेवर ठेवून तीनदा दाबायचं. काका पैसे घेत नाहीत, सुपारीसुद्धा घेत नाहीत. त्यामुळे त्यांना कोणी काही बोलूच शकत नाही. फुकट मिळालेल्या गोष्टीवर पुण्यात कोणी शंका घेत नाही.

सुहासिनी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती, तेव्हाची गोष्ट. स्कूटीचं पुढचं चाक रस्त्यात खणून ठेवलेल्या चरात गेलं आणि ती डोक्यावर पडली. रक्त नाही, खरचटलं तेवढं. स्वतःच्या पायांनी जिना चढून घरी आली. मान मात्र धरली होती. दुसऱ्या दिवशी रविवार होता. आईने दारातूनच वर हाक मारली, "काका, जरा पोरीला पाय लावता का हो?" आईचा तरी काय दोष? बिल्डिंगमध्ये दवाखान्याच्या आधी सगळे तिसऱ्या मजल्यावरच जात. सुहासिनी चटईवर पालथी पडली. पायावर ओतलेल्या पाण्याचा आवाज तिला आठवतो. मग टाच मानेवर आली. तिसऱ्या दाबाला मानेत काहीतरी कटकन वाजलं आणि उजव्या हाताच्या बोटांपर्यंत वीज गेली. "निघाली! ऐकलंत ना? निघाली लचक!" काका टाळी वाजवून म्हणाले.

लचक कसली निघते? कित्येक महिने बोटांना मुंग्या येत राहिल्या, तेव्हा कुठे एक्स-रे झाला. हाड चिरलं होतं आणि वेड्यावाकड्या जागी तसंच राहून गेलं होतं. स्कूटीवरून पडण्याने किती झालं आणि टाचेने किती, हे कुठल्याच डॉक्टरने सांगितलं नाही, कारण सांगता येतच नव्हतं. आणि तेच काकांच्या पथ्यावर पडलं. त्यांची गोष्ट अशी की पोरगी लुळी पडायची ती माझ्या पायाने चालती झाली. ही गोष्ट ते गेली पंचवीसहून अधिक वर्षं सांगताहेत, पुष्कळदा तिच्यादेखत. स्वतःची मान त्यांच्या गुणाचा दाखला म्हणून मिरवली जाते, हे सुहासिनीने जेवढं गिळलं तेवढं औषधही गिळलं नसेल.

एका गणपतीत सोसायटीने काकांना शाल आणि श्रीफळ दिलं. भाषणात काका म्हणाले, "ही आपली सुहासिनीच बघा. आज उभी आहे ती कोणामुळे?" सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. गळ्यात पट्टा घालून ती मागच्या खुर्चीत बसली होती.

"मी बसलेली आहे, काका," ती म्हणाली. "उभी राहिले की चक्कर येते. तीही तुमचीच कृपा."

त्या दिवसापासून उघड वैर सुरू झालं. सोसायटीच्या फाटकात नवा गतिरोधक आला, चांगला गुडघाभर. रिक्षा त्यावरून गेली की सुहासिनीच्या डोळ्यांपुढे काजवे चमकतात. तिने अर्ज दिला, अध्यक्षांनी फेटाळला. "पोरं खेळतात. सुरक्षितता महत्त्वाची." आता ती फाटकाबाहेरच उतरते आणि चालत येते. जिन्यात भेटले की काका विचारतात, "काय, आज मान बरी आहे ना?" त्यावर ती म्हणते, "तुमच्यापासून लांब आहे तोवर बरी आहे." सोसायटीच्या चिटणीस शर्मिला दातार एकदा तिला म्हणाल्या, "वडीलधाऱ्या माणसाशी असं बोलतात का?" "वडीलधारे आहेत म्हणून तर अहोजाहो करते," सुहासिनी म्हणाली.

आनंदीकाकूंचाही तिला काही कमी राग नव्हता. उलट थोडा जास्तच होता. काका निदान स्वतःला खरंच वैद्य समजत. ही बाई मात्र दर रविवारी मुकाट्याने तांब्या घेऊन उभी राहायची, पुढे काय होणार ते ठाऊक असूनसुद्धा. जिन्यात काकू हसल्या तरी सुहासिनी भिंतीकडे बघायची. मान वळवता येत नसल्याचा तेवढा एकच फायदा तिला झाला होता.

यंदाच्या उन्हाळ्यात काकू गच्चीवर वाळलेले सांडगे तळमजल्यावर कोणाला द्यायला निघाल्या होत्या. परात घेऊन उतरताना पहिल्या मजल्याच्या वळणावर त्यांचा पाय साडीत अडकला आणि त्या डोक्यावर आपटल्या. परातीचा आवाज सगळ्या बिल्डिंगने ऐकला. सुहासिनीचा क्लास चालू होता आणि काकू पडल्या त्या तिच्याच दारासमोर.

ती बाहेर आली. काकू भिंतीला डोकं टेकून वेड्यावाकड्या पडल्या होत्या, सांडगे सगळीकडे. "मान," त्या म्हणाल्या. "मान धरली गं."

सुहासिनीला खाली वाकता येत नाही. तिने भिंतीला पाठ लावली आणि घसरत घसरत फरशीवर बसली. काकूंच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना तळहात लावले, कोपर मांड्यांवर टेकले आणि डोकं होतं तसं धरून ठेवलं. आतल्या पोरांना ओरडून सांगितलं, "एकशे आठला फोन लावा. माझ्या फोनवरून. आणि सांगा, मानेला मार आहे."

तोवर माणसं जमली होतीच. एकाने पाण्याचा पेला आणला. एक जण काकूंना बसतं करू या म्हणाला.

"कोणी हात लावायचा नाही," सुहासिनी म्हणाली. "पाणी द्यायचं नाही, उचलायचं नाही. तमाशा बघायचा असेल तर लांबून बघा."

मग वरून काका आले. लोकांनी वाट करून दिली. कोणीतरी त्यांच्याच घरातून तांब्यासुद्धा आणला होता, न सांगता. इतकी सवय झालेली! काकांनी चप्पल काढली.

"सरक," ते म्हणाले. "पाय लावतो. ताजी लचक आहे, लगेच निघेल."

सुहासिनीला वर बघता येत नव्हतं. तिला फक्त त्यांचा पाय दिसत होता. भेगाळलेली टाच, नखं नीट कापलेली. कोणीतरी पायावर पाणी ओतलं आणि ते वाहत तिच्या कपड्यांपर्यंत आलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिला खरीखुरी भीती वाटली. स्वतःच्या मानेची तर होतीच, पण ती रोजचीच. ही भीती हातांत धरलेल्या ह्या म्हाताऱ्या डोक्याची होती. ते आपल्या हातून सुटलं तर पुढचं काय होतं हे ह्या जिन्यात तिच्याएवढं कोणालाच माहीत नव्हतं.

"आधी माझ्या मानेवर द्या," ती म्हणाली. "ती तुमच्या ओळखीची आहे."

"वेडेपणा करू नकोस. माझी बायको आहे ती."

"बायको तुमची असेल. मणका तिचा आहे. पाय पुढे टाकलात तर मी पोलिसांत जाईन, काका. ह्या पोरांसमोर सांगते. आणि ह्या वेळी गप्प बसायला माझी आई नाहीये."

शर्मिला दातार पुढे झाल्या. "अहो, त्यांच्या पायाने गुण येतो म्हणून सांगताहेत ना! तुम्ही कोण अडवणाऱ्या?" असं म्हणत त्यांनी सुहासिनीचा दंड धरून ओढला. फार जोराने नसेल ओढला. पण सुहासिनीच्या मानेत आतून काहीतरी सरकलं, डोळ्यांपुढे पांढरं झालं आणि उजव्या हाताची बोटं आपली राहिली नाहीत. तिने कोपर मांडीत आणखी रुतवले आणि बोटांऐवजी तळव्यांनी धरून ठेवलं. तोंडाने काय बोलत होती ते तिला नंतर आठवेना. क्लासच्या पोरांना मात्र आठवत होतं. मॅडमना इतक्या शिव्या येतात हे त्यांना त्या दिवशी कळलं.

वॉचमन कचरू मध्ये येऊन उभा राहिला, पाठ काकांकडे करून. मग ॲम्ब्युलन्सची माणसं जिना चढून आली. त्यांनी काकूंच्या गळ्यात पट्टा चढवला, फळीवर घेतलं आणि सुहासिनीला म्हणाले, "बाई, सोडा आता." तिला हात सोडता येईनात. त्यांनीच ते सोडवले.

आणि काकूंचं काहीही मोडलेलं नव्हतं! स्नायूंना मार लागला होता इतकंच. काही आठवडे पट्टा लावा, गोळ्या घ्या, घरी जा. तिथल्या डॉक्टरने आवर्जून सांगितलं की हलवलं नाहीत ते उत्तम झालं, मोडलंय की नाही हे जिन्यात कोणाला कळतं? पण हे वाक्य बिल्डिंगपर्यंत पोचलंच नाही. पोचलं ते एवढंच की काही झालं नव्हतं. निमकरकाका फाटकात उभे राहून येणाऱ्या जाणाऱ्याला सांगू लागले, "दोन मिनिटांचं काम होतं. तिने दवाखान्याची वारी करवली."

सुहासिनीची बोटं मात्र परत आली नाहीत. खडू धरला की गळून पडायचा. नवीन तपासण्या झाल्या आणि डॉक्टर म्हणाले, आता ऑपरेशन टाळता येणार नाही, पहिले दोन मणके स्क्रूने एकमेकांना बांधावे लागतील. मान सरकणार नाही, पण वळणारही नाही. आधीच अवघडलेल्या बाईला हे ऐकून कितीसा धक्का बसणार असं कोणाला वाटेल. ती घरी येऊन दार लावून रडली. स्वतःसाठी तर रडलीच, पण रागानेही रडली. ज्या बाईचा राग केला तिच्यासाठी उरलीसुरली मान घालवली, आणि वर ती बाई धडधाकट निघाली!

पुढच्या महिन्यात सोसायटीची सभा भरली, पार्किंगमध्ये, प्लॅस्टिकच्या खुर्च्या टाकून. पाण्याच्या टाकीचा विषय संपल्यावर अध्यक्ष उभे राहिले. क्लासच्या पोरांच्या चपला जिन्यात असतात, वर्दळ होते, म्हणून रहिवासी जागेत क्लास बंद करावेत असा ठराव त्यांनी मांडला. "आणि दुसरं," ते म्हणाले, "त्या दिवशी सगळ्यांसमोर जो अपमान झाला, माझा सोडा, पण माझ्या पत्नीला फरशीवर तासभर अडकवून ठेवलं, त्याबद्दल सुहासिनीने तिची माफी मागावी. मग ठरावाचा विचार करता येईल."

माना डोलल्या. सुहासिनी उठली. माफी मागायला अर्थातच नाही. मनात जे साठलं होतं ते सगळं ओतायलाच ती उठली होती. पण त्याआधी जिन्याकडून काकू आल्या. गळ्यात तसाच पट्टा. सभेला त्या कधी येत नसत.

"माझी माफी आहे ना?" काकू म्हणाल्या. "मग ती पाहिजे की नको हे मला विचारा."

"तू घरी जा," काका म्हणाले.

"पाहिजे नाहीये मला." काकूंचा आवाज बारीक होता, म्हणून सगळे पुढे झुकले. "ह्यांचा पाय लग्न झाल्यापासून माझ्या पाठीवर आहे. उसण भरली म्हणून लावला तो एकदा, लेकाच्या वेळच्या बाळंतपणानंतर. बाकीच्या वेळी मला काही झालेलं नव्हतं. भाजीत मीठ जास्त झालं असेल, नाहीतर ह्यांना कचेरीत कोणी बोललं असेल. लोकांना आवाज ऐकू गेला की हे म्हणायचे, लचक काढतोय. आणि तुम्ही ते मान्य करायचात. शर्मिला, तुमची भिंत तर आमच्या भिंतीला लागून आहे."

शर्मिला दातार मोबाइलमध्ये बघू लागल्या. काका काहीतरी म्हणाले, वय झालंय, डोक्यावर पडलीये वगैरे. कोणी त्यांच्याकडे बघितलं नाही आणि कोणी काकूंकडेही बघितलं नाही.

"इतक्या वर्षांत मध्ये बसलं कोणी तर ही," काकू म्हणाल्या. "हिची माफी मी मागायची, का हिने माझी?"

आता कोणीही विरघळलं असतं. पण सुहासिनीचा राग इतका जुना होता की तो एका वाक्याने जाण्यातला नव्हता. ती सगळ्या अंगानिशी काकूंकडे वळली आणि सभेसमोरच विचारलं, "मग माझ्या वेळी पाणी का ओतलंत? तुम्हाला सगळं माहीत होतं. मी वीस वर्षांची होते."

पट्ट्यामुळे काकूंनाही मान खाली घालता येत नव्हती, त्यामुळे दोघींना एकमेकींकडे सरळ बघावंच लागलं.

"ज्या रविवारी तो पाय दुसऱ्या कोणावर पडायचा," काकू म्हणाल्या, "त्या दिवशी माझ्यावर पडत नसे. त्या रविवारी मी दुपारी झोपले होते, सुहासिनी. शांत झोपले होते."

क्षमा करावी असं सुहासिनीला वाटलं नाही, खोटं कशाला सांगा. मग ती पुन्हा वळली, हळूहळू, अध्यक्षांच्या टेबलाकडे.

"काका," ती म्हणाली, "काकूंचं अंथरूण खाली माझ्या घरी आणून ठेवा. आत्ता. मला वजन उचलता येत नाही. का येत नाही ते लोकांना तुम्हीच सांगत असता."

काका जागचे हलले नाहीत. तेव्हा कचरू जिना चढून वर गेला.